लिनक्सच्या कर्नलमधून विजेचा हिशेब बाहेर काढायचा तर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

विश्वामित्रीच्या काठी आम्ही पाण्याची पातळी मोजणारी एक पेटी बसवली होती. आत छोटा लिनक्स बोर्ड, मोडेम, बॅटरी आणि वर सोलर पॅनेल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी बडोद्यात शिरली, तेव्हापासून अशा पेट्या कशाला हव्यात हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पेटी दहा मिनिटं झोपायची, उठायची, पातळी पाठवायची आणि परत झोपायची. टेबलावर ती आठवडाभर चालली. काठावर मात्र तिसऱ्याच दिवशी बॅटरी बसली.

या नदीत मगरी आहेत. बॅटरी बदलायला कुणाला तरी भर पावसाळ्यात काठाशी उतरावं लागतं. म्हणून दुसऱ्यांदा तेच घडलं तेव्हा मी सगळं बाजूला ठेवून आलेख उघडले. ‘झोप किती वेळा अडली’ हा आलेख पहिल्या दिवसापासून शून्यावर सरळ रेषेत होता. आम्ही त्याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा घेतला होता. खरं म्हणजे आमचा प्रोग्रॅम डीबगएफएसमधली (कर्नल लिहिणाऱ्यांच्या तपासासाठी असलेल्या जागेतली) फाइल वाचत होता, आणि काठावरच्या पेटीत घातलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा मूळ प्रोग्रॅम, डीबगएफएस बंद ठेवून बनवलेला होता. फाइल सापडत नव्हती आणि प्रोग्रॅम तिच्या जागी शून्य लिहीत होता.

इथल्या कलाभवन या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दर वर्षी मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. तीही पहिल्या आठवड्यात हमखास याच खड्ड्यात पडतात. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी, कर्नलमधले विजेचे आकडे वाचायचा आणि स्वतःचा आकडा बाहेर काढायचा हा सगळा रस्ता एकदा क्रमानं लिहून ठेवते.

फायलींची आणि फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा; फक्त ‘डॉक्युमेंटेशन’चं पहिलं अक्षर आणि ‘एबीआय’ व ‘बॅट०’ मोठ्या अक्षरांत. अंडरस्कोर आणि तिरकी रेघ जिथे दिसते तिथेच ठेवा.

हाताशी काय हवं

- लिनक्स असलेला लॅपटॉप. सरावाला त्याचीच बॅटरी पुरते.
- गिटनं उतरवलेला कर्नलचा सोर्स. त्यातलं ‘डॉक्युमेंटेशन/एबीआय’ हे फोल्डर आधी उघडून पाहा; कर्नल बाहेर दाखवतो त्या फायलींची माहिती तिथे असते.
- तुमच्या बॅटरी-गेजच्या (बॅटरी किती उरली ते मोजणाऱ्या) किंवा मोडेमच्या चिपची डेटाशीट.
- साधा मल्टिमीटर. फाइल सांगते तो आकडा एकदा तरी तारेवर मोजून पाहायचाच.
- पॅच, म्हणजे कोडातला तुमचा बदल, पाठवायचा असेल तर साध्या मजकुराचा ईमेल, ‘गिट सेंड-ईमेल’, आणि नोकरीत असाल तर कोड बाहेर द्यायची कंपनीची लेखी परवानगी. ही परवानगी आधीच घ्या. माझे तीन आठवडे त्या एका सहीसाठी गेले.

१. आकडा आधीच बाहेर आलेला नाही ना, ते बघा

नवी फाइल बनवायची हौस सगळ्यांनाच असते, पण निम्म्या वेळा आकडा समोरच असतो. बॅटरी आणि चार्जरचं सगळं ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ मध्ये मिळतं. यंत्र किती वेळा झोपलं आणि किती वेळा झोपता आलं नाही, ते ‘/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स’ मध्ये. कुणी उठवलं आणि कुणी झोपू दिलं नाही, ते ‘/सिस/क्लास/वेकअप’ मध्ये. प्रोसेसरचा प्रत्येक गाभा कोणत्या विश्रांतीत किती वेळ होता, ते त्याच्या ‘सीपीयूआयडल’ फोल्डरमध्ये. इंटेलच्या प्रोसेसरनं किती ऊर्जा खाल्ली, ते ‘/सिस/क्लास/पॉवरकॅप’ मध्ये. शिवाय जवळपास प्रत्येक डिव्हाइसच्या फोल्डरात ‘पॉवर’ नावाचं उपफोल्डर असतं. त्यात ते डिव्हाइस किती मिलिसेकंद जागं होतं आणि किती मिलिसेकंद निजलं होतं, ते लिहिलेलं असतं.

आमच्या पेटीचं उत्तर यातल्या दुसऱ्याच जागी होतं. पेटी टेबलावर आणून मुद्दाम कमी सिग्नलच्या कोपऱ्यात ठेवली आणि ‘सस्पेंड_स्टॅट्स’ उघडलं. ‘फेल’ या फाइलीतला आकडा दर दहा मिनिटांनी वाढत होता. ‘लास्ट_फेल्ड_डेव्ह’ मध्ये मोडेमचं नाव होतं आणि ‘लास्ट_फेल्ड_एरनो’ मध्ये उणे १६, म्हणजे ‘मी कामात आहे’. सिग्नल कमी पडला की मोडेमच्या ड्रायव्हरकडे (मोडेम चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडाकडे) न गेलेला डेटा साचायचा. मग तो झोपायला नकार द्यायचा आणि पूर्ण बोर्ड जागा राहायचा. टेबलावर सिग्नल भरपूर होता, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नाही.

२. पक्की जागा आणि कच्ची जागा ओळखा

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

कर्नलच्या आतली माहिती बाहेर दाखवायचे मार्ग बरेच आहेत, पण त्या सगळ्यांमागे दिलेला शब्द सारखा पक्का नाही. सिसएफएस, म्हणजे वर सांगितलेल्या ‘/सिस’ मधल्या फायली, ही पक्की जागा. तिथली फाइल एकदा लोकांच्या प्रोग्रॅममध्ये शिरली की कर्नलवाले ती सहजी मोडत नाहीत. वापरणाऱ्याचा चालता प्रोग्रॅम कर्नल बदलल्यामुळे मोडता कामा नये, हा लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्सचा जुना आणि कडक दंडक आहे. डीबगएफएस ही कच्ची जागा. ती ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या तपासासाठी आहे आणि तिथे काय असावं याचं बंधन कुणावरच नाही. फाइल उद्या बदलेल, परवा जाईल. शिवाय पूर्ण डीबगएफएसच बंद ठेवता येतं. अँड्रॉइड १२ पासून ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या नव्या फोनमध्ये ते चालत नाही.

झोपेची आकडेवारी आणि वेकअप सोर्सचा (यंत्राला उठवणाऱ्यांचा) तक्ता बरीच वर्षं फक्त डीबगएफएसमध्येच होते. २०१९ च्या शेवटी आलेल्या ५.४ या कर्नलमध्ये दोन्ही सिसएफएसमध्ये आले. डीबगएफएसमधल्या जुन्या फायली आजही दिसतात आणि इंटरनेटवरची जुनी उत्तरं त्यांच्याकडेच बोट दाखवतात. आमच्या प्रोग्रॅममधली ती ओळही अशाच एका जुन्या उत्तरातून आली होती.

‘डॉक्युमेंटेशन/एबीआय’ मध्ये चार कप्पे आहेत: स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट आणि रिमूव्ड. स्टेबलमधली गोष्ट किमान दोन वर्षं टिकेल असं लिहूनच दिलेलं आहे. टेस्टिंगमध्ये मुख्य रूप ठरलेलं असतं, पण फेरबदलाला थोडी जागा ठेवलेली असते. नवख्या माणसाला वाटतं, टेस्टिंग म्हणजे वापरायचंच नाही. तसं नाही. ज्यावर जगभरच्या लॅपटॉपचं बॅटरीचं चिन्ह चालतं, त्या पॉवर सप्लायचं दस्तऐवजही टेस्टिंगमध्येच आहे. कप्प्याचं नाव बघा, पण ती फाइल मुळात कुठेतरी लिहून ठेवलेली आहे का, हे त्याहून आधी बघा. जिचा चारही कप्प्यांत पत्ता नाही, तिच्यावर इमारत उभी करू नका.

ट्रेसपॉइंट, म्हणजे कर्नलच्या कोडात ठरावीक ठिकाणी घटनेची नोंद करणाऱ्या जागा, या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतात. बिग कर्नल लॉक, म्हणजे पूर्ण कर्नलसाठीचं जुनं एकच कुलूप, कर्नलमधून निघाल्यावर २०११ मध्ये ट्रेसच्या नोंदीतून त्याचा एक रिकामा झालेला रकाना काढला गेला. विजेचा खर्च दाखवणारं पॉवरटॉप हे साधन त्या रकान्याची जागा धरूनच नोंद वाचत होतं, त्यामुळे ते मोडलं आणि रकान्याची जागा भरून ठेवावी लागली. दुसरं उदाहरण उलटं, ‘/प्रॉक/टायमर_स्टॅट्स’ चं. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सारखा उठवतो ते त्यातून कळायचं. पण कंटेनरच्या (बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्याच्या) आत बसलेल्याला बाहेरच्या प्रोसेसचे खरे क्रमांक त्यातून दिसू लागले, म्हणून २०१७ मध्ये ४.११ या कर्नलपासून ती फाइल काढून टाकली. सुरक्षेचा प्रश्न आला की पक्कं वाटणारंही जातं, हे मनात ठेवून प्रोग्रॅम लिहा.

३. एकक वाचा, मग आकडा वाचा

आमच्या पहिल्या पेटीत ‘बॅटरी ३३०० च्या खाली गेली की कळव’ अशी सूचना होती. ती कधीच वाजली नाही. आमच्या डोक्यात मिलिव्होल्ट होते आणि ‘व्होल्टेज_नाऊ’ मायक्रोव्होल्ट देते. ३.७ व्होल्टची बॅटरी तिथे ३७००००० अशी दिसते. ती मरायला टेकली तरी ३३०० च्या खाली कधी जाणार?

पॉवर सप्लायमध्ये व्होल्ट, अँपियर, वॉट, अँपियर-तास आणि वॉट-तास हे सगळे मायक्रोमध्ये येतात, म्हणजे दहा लाखानं भागायचं. तापमान अंशाच्या दहाव्या भागात येतं: २९८ म्हणजे २९.८ अंश. हार्डवेअर मॉनिटरमध्ये (तापमान, व्होल्टेज मोजणाऱ्या चिपांच्या फायलींत) मात्र तेच तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, म्हणजे २९८०० असं येतं. वेकअपच्या वेळा मिलिसेकंदांत, सीपीयूआयडलच्या मायक्रोसेकंदांत आणि सीपीयूफ्रीकच्या (प्रोसेसरच्या वेगाच्या) ‘टाइम_इन_स्टेट’ मधल्या दहा-दहा मिलिसेकंदांच्या हिशेबात. यात तर्क शोधत बसू नका. एका कागदावर लिहून तो भिंतीवर लावा.

एक हिशेब सोडवून दाखवते. ‘एनर्जी_नाऊ’ मध्ये ३१४२०००० आहे आणि ‘पॉवर_नाऊ’ मध्ये ८२५००००. म्हणजे बॅटरीत ३१.४२ वॉट-तास शिल्लक आहेत आणि खर्च ८.२५ वॉट. भागाकार ३.८ तासांच्या आसपास येतो, म्हणजे पावणेचार तासांहून थोडं जास्त. ‘एनर्जी_फुल’ ४१८००००० आणि ‘एनर्जी_फुल_डिझाइन’ ५००००००० असेल, तर बॅटरीची मूळ ताकद ८३.६ टक्क्यांवर आली आहे.

दुसऱ्या लॅपटॉपवर ‘एनर्जी_नाऊ’ नसेलच आणि त्याजागी ‘चार्ज_नाऊ’ असेल, म्हणजे अँपियर-तास. त्यांना व्होल्टेजनं गुणल्याशिवाय वॉट-तास मिळत नाहीत. दोन्ही शक्यता प्रोग्रॅममध्ये ठेवा. बॅटरी खर्ची पडत असताना काही ड्रायव्हर प्रवाह उणे दाखवतात आणि काही धन. दिशा ‘स्टेटस’ या फाइलीतून घ्या, चिन्हावरून ठरवू नका.

४. नावानं शोधा, क्रमांकानं नको

माझ्या लॅपटॉपवर बॅटरी ‘बॅट०’ आहे, शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर ‘बॅट१’. प्रत्येक फोल्डरातली ‘टाइप’ ही फाइल वाचा आणि तिच्यात ‘बॅटरी’ असेल तेच फोल्डर घ्या. तरी एक फट राहते: वायरलेस माउसची बॅटरीही याच यादीत ‘बॅटरी’ म्हणूनच येते. तिच्या फोल्डरात ‘स्कोप’ ही फाइल असते आणि तिच्यात ‘डिव्हाइस’ लिहिलेलं असतं. ती वगळली नाही, तर एखाद्या दिवशी लॅपटॉप माउसच्या बॅटरीवरून बंद होईल.

वेकअपच्या फोल्डरांचंही तेच. ‘वेकअप७’ आज मोडेम असेल, पुढच्या बूटनंतर घड्याळ. आतल्या ‘नेम’ फाइलीवरूनच ओळख पटवा.

५. मोजताना

यातले बरेच आकडे साठत जाणारे असतात. दोनदा वाचायचं, वजाबाकी करायची आणि मधल्या वेळानं भागायचं. पण वजाबाकीत तीन खाचा आहेत.

पहिली, काटा फिरून शून्यावर येणं. माझ्या लॅपटॉपच्या पॉवरकॅपमध्ये ‘मॅक्स_एनर्जी_रेंज_यूजे’ २६२१४३३२८८५० आहे. मायक्रोज्यूलचे ज्यूल केले तर सुमारे २६२१४३. प्रोसेसर सरासरी १५ वॉट खात असेल तर पावणेपाच तास उलटून जातात न जातात तोच काटा पुन्हा शून्यावरून सुरू होतो. रात्रभर चालवलेल्या मोजणीत सकाळी उणे ऊर्जा दिसली, तर समजा की हेच झालं. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला की त्यात ही मर्यादा मिळवा, आणि एका फेरीच्या आत दोनदा तरी वाचा.

दुसरी, मधला वेळ. साधं मोनोटॉनिक घड्याळ यंत्र झोपलं की थांबतं. झोपणाऱ्या पेटीसाठी बूटटाइम घड्याळ वापरा, नाहीतर दहा मिनिटांची झोप हिशेबात धरलीच जाणार नाही.

तिसरी तीच, जिच्यापायी मला नदीकाठी दोनदा जावं लागलं. फाइल नसणं, फाइल वाचताना चूक येणं आणि फाइलीत शून्य असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्याच नोंदवा. गेज-चिप जागी व्हायच्या आत वाचलं तर ‘डेटा नाही’ अशी चूक येते. त्या जागी शून्य लिहिलंत की तुमचा आलेख खोटं बोलायला लागतो. मागच्या वर्षी एका मुलीनं मला विचारलं, “ताई, आकडा तर शून्यच येतोय, मग बरंच आहे ना?” तिला मी तो जुना आलेख काढून दाखवला.

आणि दर सेकंदाला वाचू नका. प्रत्येक वाचनाला प्रोसेसर उठतो, कधी गेज-चिपशी बोलणंही होतं. बॅटरी मोजायच्या नादात तीच रिकामी होते. स्थिती बदलली की पॉवर सप्लाय स्वतः यूइव्हेंट, म्हणजे कर्नलकडून सूचना, पाठवतं. त्याची वाट बघा.

६. स्वतःचा आकडा बाहेर काढायचा असेल तर

मोडेमच्या ड्रायव्हरनं झोप किती वेळा नाकारली, हा आकडा मला पक्क्या जागी हवा होता. ‘सस्पेंड_स्टॅट्स’ शेवटच्या काही अपयशांचीच नावं ठेवतं. मला एका डिव्हाइसचा अखंड हिशेब हवा होता. तुमचंही असं काही असेल तर हा क्रम धरा.

आधी बघा की तुमचा आकडा एखाद्या ठरलेल्या साच्यात बसतो का. बॅटरीचा गुणधर्म असेल तर पॉवर सप्लायच्या यादीतला गुणधर्म वापरा, वॉट किंवा तापमान असेल तर हार्डवेअर मॉनिटरचा साचा. साच्यात बसवलंत की नाव, एकक आणि दस्तऐवज तयारच मिळतं, आणि जगातली जुनी साधनं तुमचा आकडा आपोआप दाखवतात.

नाहीच बसला तर स्वतःची फाइल. एका फाइलीत एकच आकडा, हा सिसएफएसचा नियम. माझ्या पहिल्या पॅचमध्ये एकाच फाइलीत पाच आकड्यांचा देखणा तक्ता होता. तपासणाऱ्यानं दोन ओळींत परत पाठवला, आणि त्याचं बरोबर होतं. उद्या सहावा रकाना वाढला की तक्ता वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम अडखळला असता. नावातच एकक घाला: शेवटी ‘_एमएस’ (मिलिसेकंद) किंवा ‘_यूजे’ (मायक्रोज्यूल). मग पुढच्या माणसाला भिंतीवर कागद लावावा लागणार नाही.

लिहिताना ‘सिसएफएस_एमिट’ वापरा, जुनं ‘स्प्रिंटएफ’ नको. ते ५.१० या कर्नलपासून आहे आणि मेमरीच्या एका पानाची मर्यादा स्वतः सांभाळतं. फायली ड्रायव्हरच्या ‘डेव्ह_ग्रुप्स’ मधून द्या. डिव्हाइस नोंदवून झाल्यावर मागाहून जोडलेली फाइल यूइव्हेंट ऐकून धावत आलेल्या प्रोग्रॅमला सापडत नाही, आणि अशी चूक दहातून एकदाच दिसते. बोर्ड ३२ बिटांचा असेल तर ६४ बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो. कुलूप लावा किंवा अटॉमिक (एका झटक्यात वाचला जाणारा) प्रकार घ्या.

परवानगीचा विचार शेवटी नको, आधी करा. ऊर्जेचा आकडा निरुपद्रवी वाटतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या तांत्रिक विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी ‘प्लॅटिपस’ नावाचा हल्ला जाहीर केला. प्रोसेसरच्या ऊर्जेचे आकडे बारकाईनं वाचत राहिलं तर आत चाललेल्या कूटलेखनाच्या गुप्त किल्ल्या काढता येतात, हे त्यांनी दाखवलं. तेव्हापासून ‘एनर्जी_यूजे’ ही फाइल फक्त रूटला (यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाला) वाचता येते. तुमच्या लॅपटॉपवर ‘परवानगी नाही’ असं आलं तर कारण हेच आहे. ती सगळ्यांना उघडी करून देणारी युक्ती कुणी सुचवली तर करू नका. तुमचा आकडा जितका बारीक आणि जितक्या लवकर बदलणारा, तितकं त्यातून जास्त झिरपतं.

७. एबीआयची नोंद लिहा

नवी सिसएफएस फाइल म्हणजे ‘डॉक्युमेंटेशन/एबीआय/टेस्टिंग’ मध्ये नोंद आलीच. रकाने ठरलेले आहेत: फाइलीचा पूर्ण मार्ग, महिना-वर्ष, कर्नलची आवृत्ती, संपर्क आणि वर्णन. ही नोंद कोडच्या आधी लिहा, असं मी आता मुलांना सांगते. एकक काय, आकडा रीबूटला शून्य होतो का, डिव्हाइस निजलेलं असताना वाचलं तर काय मिळतं, हे चार वाक्यांत लिहिता येत नसेल तर आकडा अजून नीट ठरलेलाच नाही. माझ्या मोडेमच्या आकड्याचं वर्णन लिहिताना लक्षात आलं की एकाच झोपेच्या प्रयत्नात दोनदा आलेला नकार एक मोजायचा की दोन, हे मी ठरवलंच नव्हतं.

८. पॅच पाठवा

कोड एक पॅच, नोंद त्याच मालिकेत. मांडणी तपासणारं ‘चेकपॅच’ चालवा, ‘गेट_मेंटेनर’ कुणाकुणाला पाठवायचा ते सांगतं. झोप आणि वीज-व्यवस्थापनाची मुख्य जबाबदारी राफाएल विसोत्स्की यांच्याकडे आहे, पण ड्रायव्हरगणिक माणसं वेगळी असतात, तेव्हा अंदाजानं पाठवू नका. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ मध्ये तुमची ओळख पटेल असं नाव, निनावी चालत नाही. ईमेल साध्या मजकुरात. ऑफिसचा मेल-सर्व्हर टॅबच्या जागी स्पेस घालत असेल तर पॅच लागतच नाही, म्हणून आधी स्वतःला पाठवून, उतरवून आणि लावून बघा.

उत्तर आलं की ज्या वाक्यावर शंका आहे त्याच्याच खाली उत्तर लिहा. सुधारलेली आवृत्ती ‘व्ही२’ म्हणून पाठवा आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा. मर्ज-विंडोच्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी तयार बदल एकत्र करायच्या, दोन आठवड्यांत नव्या पॅचकडे बघायला कुणाला फुरसत नसते. दोन-तीन आठवडे काहीच आलं नाही तर नम्रपणे आठवण करा, रोज नको.

संपर्काच्या रकान्यात नोकरीचा पत्ता घालू नका. मी घातला होता. पुढे नोकरी बदलली, तो पत्ता बंद झाला, आणि त्या फाइलीबद्दल विचारणाऱ्याचं पत्र मला चार महिन्यांनी, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. स्वतःचा, टिकणारा पत्ता द्या.